अकरा किल्ल्या

बिस्किटांच्या डब्यात अकरा किल्ल्या आहेत.
आधी नावांच्या चिठ्ठ्या होत्या, दमट हवेने शाई पसरली,
मग चिंध्या बांधल्या.
मी शिवणारी. हळदोण्याच्या या वाडीत
कोणी काय घातलं ते माझ्या कात्रीला पाठ.

पांढरं सॅटिन, फिलोमेनच्या लग्नाचा झगा. ती स्विंडनला.
निळी चौकडी, लोटलीकरांच्या पोरांचा गणवेश.
पर्वरीला फ्लॅट घेतला; चतुर्थीला येतात, दीड दिवस.
खाकी, कंडक्टर सगुणची. तो कुठे गेला नाही तसा,
देवळामागच्या मसणवटीपर्यंत. मुलगा मात्र कतारला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी फिरते.
खिडक्या उघडते, नळ सोडते,
आधी गंजाचं लाल पाणी, मग नुसती हवा,
मग पाणी.
फिलोमेनचा फोन येतो, तिकडे जेवणाची सुट्टी :
सत्ये, बावीतले बेडूक ओरडतात गो?
मी फोन काठावरून आत धरते.
हात भरून येतो. ती काही बोलत नाही.
मीही ठेव म्हणत नाही.

तपकिरी सुटाचं जाड कापड, ते कायतानचं.
त्याच्याशी मी सहा वर्षं बोलत नव्हते.
त्याच्या फणसाची फांदी माझ्या कौलांवर.
पंचायत झाली, पाद्री झाला, देवळाचे महाजन झाले.
रोज सकाळी तो भिंतीपलीकडे मोठ्याने खाकरायचा,
मी इकडे तांब्या आपटायचे.
दोघंही आहोत, एवढं कळायचं.

लेकीकडे जाताना किल्ली घेऊन दारात उभा.
मी म्हटलं, माझ्याकडे का?
म्हणाला, मग कोणाकडे?
सहा वर्षांनंतरचं आमचं बोलणं ते एवढंच.

यंदा त्या फांदीला चौदा फणस धरले.
सगळे माझे. कोणी हरकत घेत नाही.
मी चौदाही मोजले, दोनदा,
आणि मला फार राग आला.

काल म्हापशाला जाऊन माझ्या दाराची दुसरी किल्ली करून आणली.
माझ्याच जुन्या पोलक्याची पट्टी बांधली, हिरवी.
पदराला गाठ मारून गल्लीभर फिरले.
कुलूप. कुलूप. विकणे आहे. कुलूप.

शेवटी दिल्लीवाल्यांच्या पांढऱ्या बंगल्यापाशी
राखणीला बसलेला पोरगा, झारखंडचा, सुखलाल म्हणे.
किल्ली पुढे केली. तो घाबरला.
मावशी, मी मार्चपर्यंतच आहे, म्हणाला.
मार्च तर मार्च.
दोन दिवस माझं दार उघडलं नाही तर
एवढंच बघ.

त्याने किल्ली घेतली, खिसा चाचपला,
खिसा खालून उसवलेला.
म्हटलं, शर्ट आण उद्या.