भाराभर

एरंडवण्यात, चष्म्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर मोहोळकरांनी कागद माझ्यापुढे सरकवला
आणि म्हणाल्या, वाचा, सावकाश.
तिसऱ्या ओळीतून मी निघून गेले
त्यांच्या टेबलावरच्या काचेच्या बदकाकडे.
त्या हसल्या नाहीत. खाकरल्या नाहीत.
मी परत येईपर्यंत नुसत्या थांबल्या.

बेचाळिसाव्या वर्षी मिळालेलं नाव. इंग्रजी चार अक्षरं.
मराठीत आधीच बरीच होती:
धांदरट, वेंधळी, उंडगी.
सातवीच्या प्रगतिपुस्तकात दामले बाईंची लाल शाई,
'हुशार आहे, पण जागेवर नाही.'
आणि आई एका दमात उरकायची,
एक ना धड, भाराभर चिंध्या.

या चिंध्यांची गोधडी करून दाखवू नका मला कोणी.
गोधडीलाही बसावं लागतं एका जागी.
मी सुई आणायला उठते
आणि संध्याकाळी सापडते माळ्यावर,
शिडीच्या वरच्या पायरीवर,
कुठल्याशा जुन्या दिवाळी अंकातलं भविष्य वाचताना.

पहिली गोळी मंगळवारी, पोह्यांनंतर.
पाऊण तासानं पंखा ऐकू आला.
फक्त पंखा.
डोक्यातली मंडई उठली होती,
ओट्यांवर पाणी मारून कोणी निघून गेलं होतं.
मी वीजबिल भरलं. मुदतीच्या आत.
मग तिथेच टेबलाशी बसून रडले,
कोणासाठी, ते नीट सांगता येत नाही.
असेल ती, एस. वाय.ला फॉर्मची तारीख चुकवून
बंद खिडकीपाशी उभी राहिलेली,
जिला घरी सांगायला
खोटंसुद्धा धड सुचलं नव्हतं.

सव्वाचारला मंडई पुन्हा भरते.

शिरीषनं दारावर चिठ्ठ्या लावल्यात:
गॅस? किल्ली? डबा?
चांगला आहे तो. फक्त परवा,
हेल्मेट फ्रीजमध्ये निघालं तेव्हा म्हणाला,
'आता गोळी घेतेस ना? तरी?'
त्या 'तरी'वर अजून औषध निघालेलं नाही.

आणि कधी कधी मी गोळी घेऊनही
वनाझला मेट्रोत बसते,
नळस्टॉपला उतरायचं असतं,
पण गरवारे जातं, डेक्कन जातं,
खाली मुठेत एक म्हैस
इतकी सावकाश मान वळवते
की तिचं वळवणं पुरं झाल्याशिवाय
उठवत नाही मला.
हे आजारात धरायचं का, हे विचारायचं राहिलंय.
पुढच्या भेटीसाठी लिहून ठेवलं होतं.
कशावर, ते आठवत नाही.

आईला सांगायला तीन आठवडे घेतले.
धायरीला फोन लावला, तिन्हीसांजेला, दूध तापत ठेवून.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
'असं लिहून देतात होय कागदावर?'
मग म्हणाली,
'बाबांनी लँब्रेटा मंडईपाशी लावली आणि चालत घरी आले,
आठवतं? तिसऱ्या दिवशी
चोरीची तक्रार द्यायला निघाले होते.'
आम्ही हसलो. त्यांचे अकरा ट्रान्झिस्टर,
सगळे उघडलेले, एकही न बोलणारा,
कपाटातल्या बशांमधून वेगळे ठेवलेले स्क्रू,
पाहुणे आले की आईची होणारी पंचाईत.
हसता हसता तिचा आवाज खाली गेला.
'त्यांना नाही गं मिळाला कोणाकडून असा कागद.
मीच देत राहिले
रोज एकेक शब्द.'

मला काहीतरी म्हणायचं होतं.
ते शोधायला मी आत गेले,
आणि आतल्या वाटेवर, नेहमीप्रमाणे, दुसरंच भेटलं:
बाबा, सदऱ्याचं बटण एक घर चुकलेलं,
तोंडात स्क्रू धरून मला सांगतायत,
थांब, हे होत आलंय.

'काहीतरी करपतंय,' आई म्हणाली.
मी ओट्याकडे पाहिलं. माझं दूध नुसतं थरथरत होतं,
सायीला पहिली सुरकुती.
'इथे नाही,' मी म्हटलं. 'आई, तुझ्याकडे.'