देखभाल खर्च

त्या वर्षी दोघा भावांना बोनस एकाच दिवशी मिळाला.
बाबांनी घेतली निइगाताच्या डोंगरात
सातव्या मजल्यावरची खोली. तळघरात गरम पाण्याचं कुंड,
खिडकीत स्कीची उतरण.
इसाओकाकांनी घेतले शेअर,
एका जहाज कंपनीचे नि एका बँकेचे.

"जागा काही पळून जात नाही," बाबा म्हणाले.
"पण दर महिन्याला खायला मागते," काका म्हणाले.
साके संपली, वाद उरला.

मग भाव कोसळले. आधी काकांचे,
वर्ष-दीड वर्षानं बाबांचे.
मधल्या त्या काळात बाबा
काकांशी फार गोड बोलायचे.

बँक बुडाली, तेव्हा काकांनी ते वर्तमानपत्र
चपलांच्या कपाटात तळाशी अंथरलं.
जहाज कंपनी नुसती खंगत राहिली.
वर्षाकाठी जो काही लाभांश यायचा
त्यात ते काकूसाठी एक खरबूज आणायचे,
म्हणायचे, घे, जहाजानं आलंय.

आता दोघेही नाहीत.
फेब्रुवारीत रेडिओनं सांगितलं, निर्देशांक
चौतीस वर्षांनी जुन्या उंचीला पोचला.
चुलतभाऊ योशिहारुनं कागद-पेन्सिल घेतली:
बँकेचं गेलेलं धरूनही मुद्दल सुटलं,
वर थोडं.
सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

माझ्या वाट्याला खोली.
दलाल मोरोहाशीबाई अदबीनं सांगतात,
दहा हजार येनलाही गिऱ्हाईक नाही,
आणि फुकट म्हणून लिहिलं
तर लोक जास्तच घाबरतात.
देखभाल खर्चाची चिठ्ठी मात्र सत्तावीस तारखेला,
एक महिना चुकलेली नाही.
पळून नाही गेली, बाबा.
हाकलली तरी जात नाही.

काल तिथली चावी द्यायला गेले.
लिफ्टमध्ये एक म्हातारा, खांद्यावर टॉवेल.
"कियोताकासानांची मुलगी ना? नाकावरून ओळखलं.
हिवाळ्यात रोज पाचला खाली यायचे,
डाव्या कोपऱ्यात बसायचे.
आम्ही कुणी जागेचा भाव काढला
की डोकं पाण्याखाली घालायचे."

बायकांच्या बाजूचा डावा कोपरा रिकामा होता.
बसले. पाणी गळ्याशी आलं.
भिंतीपलीकडे कुणीतरी बादली उपडी केली, खाकरलं.
चावी टॉवेलात गुंडाळून काठावर ठेवली होती,
मोरोहाशीबाई साडेपाचला कार्यालय बंद करतात.

सत्तावीस तारखेला अजून नऊ दिवस होते.