गुरुवारी बंद

काल रात्री दारावर कागद मीच चिकटवला :
‘उद्या फूड बँक बंद. हॉलमध्ये मतदान आहे.’
खाली ‘क्षमस्व’ लिहिलं. मग वाटलं,
हा शब्द मी का लिहावा?

या देशात निवडणूक गुरुवारी येते.
स्केर्नबीत भूकही गुरुवारीच भेटते : दहा ते एक,
सेंट हिल्डा चर्चमागचा हॉल, बूट पुसून आत या.

सकाळी सहाला केंद्राधिकारी ऑलरडाइससाहेब आले.
स्टेजखाली रचलेले डबे पाहून थबकले.
‘हे झाका,’ म्हणाले, ‘मतदारावर प्रभाव पडेल.’
माणूस वाईट नाही. नियमाला धरून चालतो.
हाबतोमनं नाताळच्या नाटकाचा निळा पडदा आणला
आणि आम्ही दोघांनी मिळून
गावाची महिन्याभराची भूक
चांदीच्या ताऱ्यांखाली झाकून टाकली.

हाबतोम बोटीतून आला.
त्याच्या विरोधात आज एक अख्खा पक्ष उभा आहे.
त्याला मत नाही.
मतदारांच्या पायांखालची फरशी त्यानं पुसली आहे.

उरलेले दोन पक्ष सांगतात, तिजोरी रिकामी :
एक दुःखानं, एक अभिमानानं.
पोलादाची भट्टी विझली तेव्हाही रिकामीच होती,
वाचनालय गेलं, तेरा नंबरची बस गेली, तेव्हाही.
पाण्याच्या कंपनीनं भागधारकांना नफा वाटला
त्या वर्षी मात्र
तिजोरीचा विषयच कुणी काढला नाही.

एरवी या टेबलाशी मी नाव विचारत नाही.
विचारते, घरी गॅस चालू आहे का? निदान केटल?
नुसती केटल असेल तर पिशवी वेगळी भरावी लागते.
आज नाव मोठ्यानं वाचायचं. कायदा आहे.
विनिफ्रेड क्लफ.
(साखर नसलेलं सगळं.)
डेनीस थ्वेट्स.
(डायपर, तीन नंबर.)
‘हो, मीच,’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली
आणि पेन्सिलीकडे गेली.

पेन्सिल दोरीनं बांधलेली असते.
देश आमच्या हाती सोपवतात,
पेन्सिल नाही.

चारच्या सुमारास स्टोबर्ट म्हातारा आला,
ज्येष्ठांचा बसपास दाखवून मत देऊन गेला.
बस बंद झाली, पास चालतो.
मागोमाग त्याचा नातू ब्रेट. एकोणीस वर्षांचा.
गाडी नाही तर परवाना कुठला,
परदेशी जायचंय कुणाला, पासपोर्ट काढायला?
त्यानं खिसे उलटे केले. बसचं नाही, बँकेचं नाही,
शेवटी एक लाल चिठ्ठी निघाली, घडी घालून मऊ झालेली.
आमचीच. नाव माझ्याच अक्षरात.
‘ही चालेल, ग्लेनिस?’

ती दाखवली तर मी त्याला तीन दिवस जगवू शकते.
एक फुली मारू देऊ शकत नाही.
‘नाही,’ म्हणाले. साहेब बघत होते.
साहेब नसते तरी म्हणाले असते,
ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.
परत पाठवलेल्यांसाठी एक तक्ता असतो,
सुबक छापलेला. त्यात एक रेघ मारली.
‘असू दे,’ तो म्हणाला. ‘तसंही काय फरक पडतो.’
त्या वाक्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

रात्री दहाला पेटी सील झाली.
सीलचा आकडा दोनदा वाचला, दोघांनी सह्या केल्या,
गाडी मोजणीला गेली.
हाबतोमनं पडदा ओढला. दोन तारे गळाले.
मग आम्ही आमची मोजणी केली,
उद्या उघडायचं ठरवलं होतं :
बीन्स एकतीस. सूप बारा. पीच नऊ.
बाळाचं दूध, शून्य.
टीव्हीवर तेव्हा कुणीतरी नकाशा रंगवत होतं.

कागद काढायला गेले तर वरचा भाग निघाला,
‘क्षमस्व’ तेवढं दाराला चिकटून राहिलं.
नखानं खरवडलं. मग सोडून दिलं.
कुणीतरी जिंकेल. जिंकला की येईल फोटोला,
हातात बीन्सचा डबा, लेबल कॅमेऱ्याकडे.
दार ढकलताना
त्याच्या डोळ्यांसमोर येईल,
इतक्याच उंचीवर आहे ते.