तारेवरचं

सातगोंडा मुनीमजी गेले
त्याच्या पुढच्या सोमवारी शेटजी म्हणाले,
आता तू बस. आणि फायली लावून घे.

शाहूपुरीतली गुळाची अडत.
फायली कुठं होत्या?
खिळ्याला लटकलेली एक तार,
बुडाला लाकडाची चकती, वर वाकडं टोक,
आणि मधे टोचलेल्या पट्ट्या :
रवे किती, वजन किती, हमाली, तोलाई.
चिकट बोटांनी दिलेले कागद
अजून एकमेकांना सोडत नव्हते.

उद्यमनगरात भावाला फोन लावला :
फाईल म्हणजे नेमकं काय रं?
कानस की! लोखंड घासायची.
दुसरं काय असतंय, ताई?
मागं लेथ ओरडत होता.

रात्री रद्दीतून घेतलेला शब्दकोश काढला.
तर फायली दोन निघाल्या,
नाव एक, घराणी वेगळी.
एक भावाची, दातांची.
एक माझी. ती आली फिलुमवरून,
लॅटिनमध्ये फिलुम म्हणजे धागा.
तिकडंही कुणी कारकून
कागद ओवून टांगत असणार भिंतीला.
पुढं धागा गेला,
पुठ्ठे आले, कपाटं आली, कॉम्प्युटर आला,
नाव मात्र धाग्याचंच राहिलं.

मार्चमध्ये सांगवड्याहून बाळाबाई आली.
नवऱ्याची पट्टी हवी होती, अकरा वर्षांपूर्वीची.
पैशासाठी न्हाई, म्हणाली.
सही करायला शिकलं त्या सालची हाय.
त्याआधी अंगठा. त्यानंतर माणूसच न्हाई.

तारेवर खालचं हवं असेल
तर वरचं सगळं उतरवावं लागतं.
दुपार गेली. जमिनीवर
अख्ख्या तालुक्याचा गूळ पसरला.

मिळाली. नऊ रवे.
खाली वाकडंतिकडं : भुजगा.
आणि ज च्या डोक्यावर
तार आरपार गेलेली.

बाळाबाईनं कागद दाराकडं धरला.
भोकातून एवढासा उजेड आला.
टिंब द्यायला कायम इसरायचं, म्हणाली.
कुणीतरी दिलं बघा.

कोपऱ्यावर झेरॉक्स काढली.
भोक काळं उमटलं.
भुजंगा.
घडी करून तिनं ती पिशवीत नाही,
ब्लाऊजमध्ये ठेवली.

मग मी पट्ट्या परत ओवायला बसले,
जुन्या भोकांतूनच, नवं एकही न पाडता.
तिची सगळ्यात वर ठेवली.
मुनीमजी असते तर ओरडले असते,
तारखा चुकल्या म्हणून.