उरलां तां खंय गेलां?

वेंगुर्ल्याच्या बंदरामागे, सुकत घातलेल्या बांगड्यांच्या वासात
गुणाजी कुबल रात्री पुस्तक वाचायचा.
शाळांची हजेरीबुकं बांधणारा माणूस,
बोटांना खळ. पान उलटताना
पान बोटालाच चिकटून यायचं.

भाषांतर इतकं टणक
की एकेक वाक्य मोगरीनं फोडावं लागे.
'उत्पादनाची साधने,' तो म्हणाला,
तेव्हा आईनं विचारलं, म्हंजे पाटो-वरवंटो?
कारखान्यातल्या बायका हसल्या.
तोही हसला, जरा उशिरानं.

मग त्यानं पुस्तक मिटलं.
काजू कुठून आणणार?
फाटकावर पदर झटकून दाखवावा लागे.
म्हणून खुबे मांडले वाळूत, दहा.
हा तुझ्या पेजेचा. हा पोराच्या पेजेचा.
हे दोन कच्च्या बियांचे,
हा जळणाचा, हा शेडच्या कौलांचा.
राहिलेल्या चारांवर तळहात ठेवून
तो गप्प बसला.

उरलां तां खंय गेलां?
आई म्हणाली.
वाचन त्या रात्री तिथंच संपलं.

संप सतरा दिवस चालला.
अठराव्या दिवशी मिळाला एरंडेलाचा एक डबा,
बियांच्या तेलानं भाजलेल्या बोटांना लावायला,
आणि तुकड्यामागची कपात अर्धी.
गुणाजीच्या ओसरीवर गुळाचा चहा झाला.
त्याची बायको, सुलोचना,
चौदा जणींसाठी आत गाळत होती, घाम पुसत.
आई तिच्याकडं बघत म्हणाली,
कामरेड, हिचां उरलां तां खंय गेलां?

तो उठला, कप विसळायला गेला.
दोन फोडले.

पुढे पक्ष फुटला.
दोन लाल बावटे, एकाच शिंप्याकडचे.
ज्या देशाचा नकाशा त्याच्या भिंतीवर होता
तो देश एका हिवाळ्यात राहिला नाही.
नकाशा राहिला.
तिथल्या तुरुंगांचं मी एकदा विचारलं,
तेव्हा मी कॉलेजात होतो, बोलायला धीट.
तो भांड्यात बघत म्हणाला,
खळ पातळ झालीय आज.

त्याला जाऊनही बारा वर्षं झाली.
पुस्तक आमच्याकडं आहे,
त्यानंच बांधलेलं,
वाळवी लागली ती फक्त कडांना.

गेल्या मंगळवारी रेशनच्या दुकानात
आईनं यंत्रावर अंगठा ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा, यंत्र म्हणालं.
पुन्हा. मग डावा. मग मधलं बोट,
पदराला पुसून, थुंकी लावून.
आजी, पोरगा म्हणाला,
अगदी अदबीनं म्हणाला,
तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत.

तिनं अंगठा उजेडात धरला,
बी पारखावी तसा, फिरवून फिरवून.
मागं रांग खोळंबली होती.
ती आता काय विचारणार
ते मला माहीत होतं.
पोराला नव्हतं.