शुद्धिपत्र

दुसरी आवृत्ती महालातल्या प्रेसमध्ये गेली आहे.
गजभिये फोनवर म्हणाले, मॅडम, काही चुका असतील
तर आजच सांगा, मागाहून पान चिकटवायचं तर
दीड हजार जास्त पडतात.
कूलरमध्ये पाणी ओतून बसले. बाहेर सेहेचाळीस.

पृष्ठ बारा : 'काटोल'चं 'काटेल' झालंय.
पृष्ठ तीस : दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकलं,
म्हणून कळमेश्वरची माती एका रात्रीत दहापट खारट.
हे सोपं होतं.

पृष्ठ सत्तेचाळीस.
'लेखिकेने विकसित केलेली पेला-चाचणी.'

त्या वर्षी संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या.
आम्ही खड्डे खणत होतो, म्हणजे
इस्तारी खणत होता
आणि मी काठावरून मोजपट्टी सोडत होते.
पाच फुटांवर थांबून त्यानं एक ढेकूळ काढलं,
जीपच्या बॉनेटवर वाळवलं,
आणि दुपारी टपरीवर, काचेच्या पेल्यातल्या पाण्यात
अलगद सोडलं.
'हालवू नोका बाई. निस्तं पाहा.'

माझा चहा निवला तोवर
ढेकळाभोवती दुधाळ ढग उतरला होता.
'चोपण हाय खालतं. वरची काळी सोन्यासारकी,
पन खालची पानी सोडतच नाई.
झाडाले तहान नाई मारून रायली,
पानी मारून रायलं.'

ते वाक्य मी इंग्रजीत नेलं.
नेताना वाटेत आधी त्याचा आवाज गळाला,
मग नाव.

संदर्भसूचीत एकेचाळीस नोंदी.
कॅनबेऱ्याचा एक गृहस्थ, जन्मात न पाहिलेला,
त्याच्या आडनावाचं स्पेलिंग मी तीनदा तपासलं होतं.
ऋणनिर्देशात संचालक, टंकलेखक, नवरा,
जीपसुद्धा : 'वाहन वेळेवर उपलब्ध झाल्याबद्दल'.
आता पोरं परीक्षेत लिहितात,
वझलवार चाचणी स्पष्ट करा, चार गुण.
गेल्या वर्षी तिच्यासाठी शाल मिळाली.
मी खांदा जरा पुढे केला होता, नीट आठवतं.

माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी पावती सापडली :
इस्तारी पांडू उईके, खड्डे अकरा, रोज बावीस,
खाली निळा अंगठा.
एवढंच त्याचं प्रकाशित साहित्य.
अमरावती रोडच्या ऑफिसात विचारून आले.
रोजंदारीवाल्यांच्या फायली, म्हणे,
दर दहा वर्षांनी निकालात काढतात.

पण मला झोप लागत नाही ती यामुळे नव्हे.

त्या टपरीवर मी विचारलं होतं,
हे तुला कुणी शिकवलं?
त्यानं हातातलं बिस्कीट खाली ठेवलं.
'माह्या सासूनं. ते चुली थापे,
माती निवडाले असंच करे.
माहं काई नाई त्याच्यात.'
आणि तिचं नाव सांगितलं.
'सासू' म्हणून थांबला नाही,
नाव, गाव, नदीचा कोणता काठ, सगळं.
मी मान डोलावली.
वहीत उतरवला तो ढग उतरायला लागलेला वेळ.
अकरा मिनिटं.

तर गजभिये, घ्या लिहून.
पृष्ठ सत्तेचाळीस, ओळ नऊ.
'लेखिकेने विकसित केलेली' काढा.
तिथे घाला : 'इस्तारी पांडू उईके यांनी
लेखिकेला दाखवलेली. त्यांना ती
त्यांच्या सासूबाईंनी शिकवली, त्यांचं नाव'

इथे जागा सोडा.

टिंबं टाकू का, मॅडम?
नको. टिंबं पाहून वाटतं
नाव कुणाला माहीतच नव्हतं.
असं करा, पुढे जोडा :
'नाव सांगितलं होतं. लेखिका विसरली.'
त्याच टाइपात. बारीक नको.

आणि हो, पान चिकटवायचंच आहे.
खर्च माझ्या नावावर मांडा.