पट्टी

धसईच्या देवराम हरडांचा बैल
अकरा वर्षं हरवलेला होता.
पांढरा, डाव्या कानाला खाच, शिंगं मागं वळलेली.
सांगणाऱ्यास योग्य बक्षीस.

ही ओळ मीच टाइप केली, मीच वाचली,
काळू वाहिनीवर, संध्याकाळी साडेसातला,
मुरबाडात, शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत.
मागं निळी चादर ठोकलेली,
वर एक पंखा,
बातम्या सुरू झाल्या की तो बंद करावा लागे,
माझ्यापेक्षा तोच जास्त बोलायचा.
कॅमेऱ्याला दिसे तेवढीच मी नटलेली:
वर वहिनीचं जरीचं जाकीट,
टेबलाखाली गाऊन आणि शिंपीकाकांची मांजर.

मोठ्या वाहिन्या पाऊस मोजत
कुलाब्यात आणि सांताक्रूझला.
मी सांगायचे,
वैशाखऱ्यावर ढग आलेत, कापलेलं भात झाका.
मंगळवारी शिवळ्याची लाइन बंद, दळण आजच आणा.
नारिवलीला बारसं आहे, हेच आमंत्रण समजावे.
कुणी गेलं असेल तर
दहावं कुठल्या घाटावर, किती वाजता.

तार मदन पष्टेनं ओढलेली,
आंब्यावरून, बोरीवरून, शाळेच्या पत्र्यावरून.
मोरोशीला पोचेपर्यंत माझा चेहरा
हिरवा व्हायचा आणि एकाचे दोन.
एकदा बाजारात तिथल्या एका बाईनं विचारलं,
तुमची बहीण नाही आली?

तर बैल.
तो पाचव्या दिवशी आपणहून परत आला होता.
देवराम सांगायला आले, पिशवीत चार काकड्या.
म्हटलं, बरं झालं, पट्टी काढते.
ते काही बोलेनात.
टीव्हीकडे बघत राहिले,
तिथं त्यांचं नाव उजवीकडून डावीकडं
सावकाश, कुणाला न घाबरता, चाललेलं.

म्हणाले, राहू द्या की.
सातबाऱ्यावर मला देवराव करून ठेवलाय,
मतदार यादीत हरडेचा हरणे.
तलाठी म्हणतो अर्ज करा. केले तीन.
इथं बघा कसं सरळ लिहिलंय.

महिन्याला वीस रुपये द्यायचे, पावती मागायचे.
पावतीवरही नाव नीट वाचून मगच घडी घालायचे.

बैल पुढं म्हातारा झाला,
एका पौषात, म्हशाची जत्रा उठली त्या आठवड्यात
गोठ्यातच बसला तो बसलाच.
पट्टीवर मात्र तरणा,
रोज संध्याकाळी हरवायचा.
तेवढ्या वर्षांत सात फोन आले
बैल दिसला म्हणून.
एक तर थेट टोकावड्याहून, बक्षीस नको म्हणाला,
फक्त लवकर या, बिचारा उभाच आहे.

मग घरोघरी डबे आले.
मदननं तार गुंडाळली, किलोवर विकली.
शेवटच्या दिवशी म्हणाला, बोल काहीतरी, निरोपाचं.
मी कागदावर लिहून आणलं होतं:
देवराम हरडांचा बैल सापडला आहे, सर्वांचे आभार.
वाचणार, तोच दिसलं,
दाराशी देवराम उभे, नवी टोपी घालून.
मी ती ओळ गाळली.
शिवळ्याची लाइन वाचली,
बाराखांबाच्या विहिरीत औषध टाकलंय ते वाचलं,
आणि नेहमीसारखं,
पांढरा, डाव्या कानाला खाच.

आता घणसोलीला लेकीकडं असते, आठव्या मजल्यावर.
डब्यात चारशे वाहिन्या आहेत.
पट्ट्या तिथंही धावतात, एकावर एक तीन,
धसई कशातच नाही.
साडेसात वाजले की मी उठते आणि पंखा बंद करते.
जावई विचारतात, उकडत नाही का?
थोडं थांबते, घसा साफ करते,
मग नातू येऊन पंखा परत लावतो.